हवापालट

आनंदीबाई जोशींची नेमणूक कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर झाली होती. मार्च 1886 मध्ये फिलाडेल्फियात एम.डी. होऊन त्या परत आल्या त्या खोकला आणि ताप घेऊनच. कोल्हापूरला रुजू होणं झालंच नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्या क्षयाने गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. रॉबर्ट कोखने बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला तो 24 मार्च 1882 ला, म्हणजे आनंदीबाई परदेशी शिकायला निघण्याच्या आदल्या वर्षी. त्या वैद्यकी शिकत होत्या तेव्हा रोगाचं कारण सापडलेलं होतं. हाताशी नव्हतं ते औषध. कारण माहीत आणि औषध नाही, ही अवस्था पुढे साठ-पासष्ट वर्षं टिकली.

या मधल्या काळात डॉक्टरांनी नेमकं केलं काय, हा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासात फारसा विचारला जात नाही. इतिहास लिहिणाऱ्यांना शोध आवडतात. शोध लागेपर्यंतचा वेळ त्यांना रिकामा वाटतो. तो रिकामा नव्हता, हे बघायला लांब जायची गरज नाही. पाचगणीच्या पठारापासून सांगली-मिरज रस्त्यापर्यंतचा मुलूख त्याची साक्ष देतो. आज हे दोन जिल्हे आहेत. 1949 मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा काढलेला भाग 1960 मध्ये सांगली झाला. त्याआधी सारा कारभार सातारा जिल्हा आणि मधेमधे पेरलेली सांगली, मिरज, औंध यांसारखी संस्थानं असा होता.

क्षय आपल्याकडे नवा नव्हता. आयुर्वेदाने त्याला राजयक्ष्मा म्हटलं, आणि दक्षाच्या शापाने चंद्राला जडलेला रोग म्हणून त्याची कथाही रचली. पण घराघरातली वागणूक कथेपेक्षा कोरडी होती. रोग्याचं ताट-तांब्या वेगळा, अंथरूण माजघरातून पडवीत, आणि शेजाऱ्यांना सांगायचं ते एवढंच की हवा पालटायला गेलेत. घरात क्षय आहे असं कळलं की मुलींची लग्नं अडायची. त्यामुळे रोगाइतकीच त्याची लपवालपवीही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. छातीच्या बाकीच्या दुखण्यांचीही अवस्था फार बरी नव्हती. कराडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर आयुष्यभर दम्याने झगडले आणि जून 1895 मध्ये एकोणचाळिशी गाठण्याआधीच गेले. दम्याचा झटका काही मिनिटांत उतरवणारं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन हाती यायला विसावं शतक उजाडायचं होतं.

मुलखातून मुंबईला जाणारी वाट रोगासाठीही मोकळी होती. जावळी, पाटण, कराड, खानापूर या भागांतली माणसं गिरणीत जायची. एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळीपाळीने झोपणारे. एक उठला की त्याच्याच वळकटीवर दुसरा. त्यात एकाला खोकला लागला की बाकीच्यांना चुकवणं अवघड. आणि अंगात काम करायची ताकद उरली नाही की माणूस गावी परतायचा. शहराने घेतलेलं शहराकडेच राहत नसे, ते असं वाडी-वस्तीपर्यंत येऊन पोचे.

थंड हवेची ठिकाणं काढली ती साहेबाने, स्वतःच्या प्रकृतीसाठी. 1824 मध्ये लॉडविक नावाचा साहेब साताऱ्याहून महाबळेश्वरच्या डोंगरावर चढला. 1829 मध्ये गव्हर्नर माल्कमने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ती जागा मिळवली आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा दिलं. आजारी गोऱ्या सोल्जरांना तिथे आराम पडावा हा हेतू. पण महाबळेश्वरचा पाऊस माणसाला चार महिने तिथे राहू देत नाही. म्हणून 1860 च्या दशकात जॉन चेसन नावाच्या इंग्रजाने दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधला माळ वसवायला घेतला. महाबळेश्वरहून तो फार तर अठरा-वीस किलोमीटर पूर्वेला, पण डोंगराच्या आडोशाला असल्याने पाऊस कितीतरी कमी. बारमाही राहता येईल अशी ही पाचगणी आधी निवृत्त गोऱ्यांची, मग शाळांची आणि त्यानंतर क्षयरोग्यांची झाली.

मुंबईचे पारशी डॉक्टर रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी 1912 मध्ये तिथे बेल-एअर सॅनिटोरियम सुरू केलं. हिंदुस्थानात तोवर अशा संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. 1906 मध्ये अजमेरजवळ तिलोनियाला ख्रिस्ती मिशनने पहिलं सॅनिटोरियम काढलं, मग अल्मोडा, मग सिमल्याच्या वाटेवरचं धरमपूर. युरोपात मात्र ही कल्पना अर्धशतक जुनी झाली होती. हर्मान ब्रेमरने सिलेशियात डोंगरातल्या हवेत रोग्यांना ठेवायला सुरुवात केली होती. अमेरिकेत ट्रुडो स्वतः क्षयाचा रोगी होता; जंगलात जाऊन बरा झाला आणि तिथेच सॅनिटोरियम काढून बसला. दोघांचाही मंत्र तोच: हवा, विश्रांती, आहार.

पाचगणीला जाणं सोपं नव्हतं. मुंबई-पुण्याहून रेल्वेने वाठार, तिथून टांग्याने किंवा मोटारीने वाई, आणि मग पसरणीचा घाट. तापाने फणफणलेल्या माणसाला एवढा प्रवास घडवणं म्हणजे आधी पैसा हवा, मग बरोबर माणूस हवं, आणि सहा महिने-वर्षभर घराचा गाडा त्याच्यावाचून चालायला हवा. गिरणीकामगारांच्या खोलीत खोकणाऱ्याला यातलं एकही परवडणारं नव्हतं. बिलिमोरियांना पुढे पद्मभूषण मिळालं आणि संस्था इंडियन रेड क्रॉसकडे गेली. त्यांच्या कामाचं मोल कमी करायचं कारण नाही. तरी त्या काळात घाट चढून येऊ शकणाऱ्यांचा क्षय आणि घाटाखालीच राहणाऱ्यांचा क्षय हे जणू दोन वेगळे रोग होते, हे नोंदवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

दुसरी गोष्ट सपाटीवरची. विल्यम जेम्स वानलेस हे कॅनडातल्या ओंटॅरिओचे, जन्म 1865 चा. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर म्हणून पत्नी मेरी यांच्यासह ते 1889 मध्ये आले आणि सांगलीत दवाखाना घालून बसले. दोन-तीन वर्षांत त्यांनी बाडबिस्तरा मिरजेला हलवला. मिरज पुण्याहून दक्षिणेला जाणाऱ्या रेल्वेवर होतं आणि 1891 मध्ये कोल्हापूरचा फाटाही तिथूनच निघाला. ज्या गावात गाड्या मिळतात त्या गावात रोगीही येऊन मिळतात, हे त्यांनी ओळखलं असावं. (पुढे बार्शी लाइटही मिरजेपर्यंत आली आणि मीटर, नॅरो व पुढे ब्रॉड असे तिन्ही गेज पाहिलेलं हे जंक्शन ठरलं. धर्मशाळा, खाणावळी आणि दवाखाने यांवर गावाचं निम्मं अर्थकारण उभं राहिलं ते तेव्हापासून.) 1894 मध्ये वानलेस यांचं हॉस्पिटल उभं राहिलं. लोकांच्या तोंडी ते कायमचं मिशन हॉस्पिटल झालं.

मिरजेला वैद्यकी आणि गाणं एकत्र नांदायची सवय त्याआधीच होती. कुरुंदवाडला फटाक्याने डोळे भाजलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांना मिरजेला डॉ. भडभडे यांच्याकडे आणलं. दृष्टी काही नीट परतली नाही, पण गाणं शिक असा सल्ला मिळाला आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचा एक शिष्य घडला. हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासातली ही सगळ्यात उपयोगी पडलेली वैद्यकीय चिठ्ठी असेल.

वानलेस होते शस्त्रक्रियेचे डॉक्टर. मोतीबिंदू आणि मुतखडे काढण्यात त्यांचा हात एवढा बसलेला की दूरदूरच्या संस्थानांतून माणसं यायची. धर्मप्रसार हा त्यांच्या मिशनचा उघड हेतू होता. दवाखान्यात बायबल वाचलं जाई. गावातल्या सोवळ्या घरांना हे खुपत असणार यात शंका नाही, आणि तरी डोळ्यांत पडदा आला की तीच घरं दारात उभी राहत. या ओढाताणीत कुणाला ढोंगी म्हणण्यात हशील नाही. दोन्ही बाजूंना एकमेकांकडून काय हवं आणि काय नको ते पक्कं माहीत होतं.

माझ्या मते वानलेस यांचं सगळ्यात दूरवर गेलेलं काम शस्त्रक्रिया नव्हे, शाळा. 1897 मध्ये त्यांनी मिरजेत वैद्यकीय शाळा काढली. तिचे विद्यार्थी मिशनच्या दवाखान्यांमधून पसरले. गावात एक तरी माणूस असा हवा की ज्याला खोकला ऐकून पुढे काय करायचं ते कळतं, ही गरज तेव्हाही होती आणि ती भागवायला परदेशातून डॉक्टर आणत बसणं शक्य नव्हतं. कुष्ठरोग्यांसाठीही वेगळी जागा झाली आणि 1920 च्या सुमारास क्षयरोग्यांसाठी.

क्षयाच्या रोग्यांना सर्जरीच्या वॉर्डात ठेवता येत नाही. टाके घातलेल्या माणसाशेजारी खोकणारा माणूस ठेवला तर एकाचं बरं होता होता दुसऱ्याचं बिघडायचं. म्हणून सांगली आणि मिरज यांच्या मधल्या मोकळ्या माळावर सॅनिटोरियम निघालं. त्याला वानलेस यांचं नाव मिळालं आणि वस्तीही वानलेसवाडी झाली. आज ती महापालिकेच्या हद्दीत आहे, तिचं पोस्ट ऑफिस आहे, आणि तिथे राहणाऱ्या कित्येकांना गावाच्या नावात ओंटॅरिओचा माणूस दडलाय याची कल्पनाही नसते. वानलेस यांना 1928 मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला, त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि 1933 मध्ये वारले.

वानलेसवाडी काही थंड हवेचं ठिकाण नाही. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर, एप्रिल-मेमध्ये अंग भाजून काढणारी, पावसाला कंजूस. आंध्रातलं मदनपल्लीचं मोठं मिशन सॅनिटोरियमही डोंगरमाथ्यावर नव्हतं. म्हणजे डॉक्टर मंडळींनी मनातल्या मनात हवेचा हट्ट सोडायला सुरुवात केली होती. हवा कुठलीही चालेल, शिस्त मात्र पाहिजे, असा नवा सूर होता.

ती शिस्त काय होती? पहाटे तापमापक तोंडात. दुपारी चारला पुन्हा, कारण क्षयाचा ताप दुपारनंतरच चढतो. रोग्याच्या उशाशी लटकणाऱ्या तक्त्यावर ही दोन टोकं रोज जोडली जात. दुपारच्या जेवणानंतर दोन तास सक्त विश्रांती. बोलायचं नाही, वाचायचं नाही, कूस बदलायची तीही हळू. खाटा व्हरांड्यात, उघड्यावर. दूध, अंडी, तूप. मांसाहार न करणाऱ्यांना अंडं खायला लावताना नर्सांचा कस लागायचा. वजनाचा काटा आठवड्यातून एकदा, आणि पौंडभर वाढलं तरी वॉर्डभर बातमी. आणि थुंकी झाकणाच्या डबीतच. हा नियम मोडणाऱ्याची गय नसे.

त्या डबीतलं पुढे प्रयोगशाळेत जाई. थुंकीतला घट्ट, पिवळसर भाग बघून काडीने उचलायचा, काचपट्टीवर पातळ पसरायचा, सुकू द्यायचा, ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवून चिकटवायचा. मग त्यावर लाल कार्बॉल-फुक्सिन ओतून खालून वाफ निघेपर्यंत तापवायचं. धुवायचं. त्यानंतर आम्ल ओतायचं. बाकी बहुतेक जंतूंचा लाल रंग आम्लाने निघून जातो, क्षयाच्या जंतूचा जात नाही. त्याच्या अंगावरचं मेणचट कवच रंगाला धरून ठेवतं. शेवटी निळा रंग. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पसाऱ्यात बारीक, किंचित वाकलेल्या लाल काड्या दिसल्या की निदान पक्कं. एवढ्या साध्या तपासणीला वीज लागत नाही, मोठं यंत्र लागत नाही, लागतो तो दिवसभर भिंगात डोळा घालून बसणारा चिकाटीचा माणूस. 1880 च्या दशकातली ही रीत किरकोळ बदलांनिशी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतून परवापरवापर्यंत चालली.

विश्रांतीची कल्पना डॉक्टरांनी फार पुढे नेली. हात मोडला तर तो बांधून ठेवतात, तसं आजारी फुप्फुसालाही हलू न देता ठेवलं तर? इटलीच्या फोर्लानिनीने ही वाट दाखवली. रोग्याला निरोग्या कुशीवर झोपवायचं, वरच्या बाजूचा हात डोक्यावर. बरगड्यांच्या मधली जागा बधिर करायची आणि सुई हळूहळू आत सारायची, छातीच्या आतल्या अस्तराच्या दोन पदरांमधल्या फटीत पोचेपर्यंत. फट खरीच सापडली की नाही हे नळीला जोडलेल्या पाण्याच्या मापकावरून कळे. रोग्याच्या श्वासाबरोबर पाणी खालीवर डुललं तर सुई जागेवर. नाही डुललं तर सुई कुठेतरी भलतीकडेच, आणि हवा सोडली तर रक्तात बुडबुडा जाऊन माणूस टेबलावरच जायची भीती. पाणी डुललं की तीन-चारशे घनसेंटीमीटर हवा आत सोडायची. फुप्फुस आकसे, त्यातला पोकळ झालेला भाग मिटे. पण शरीर ती हवा हळूहळू शोषून घेई, म्हणून दर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा भरणं, आणि हे दोन-दोन, तीन-तीन वर्षं. घरी गेलेल्या रोग्यालाही भरणीसाठी परत यावं लागे. ज्यांना हेही जमेना त्यांच्या बरगड्या कापून छातीची ती बाजू कायमची खाली बसवत. त्या माणसांचा एक खांदा आयुष्यभर उतरलेला राहायचा. याचा उपयोग किती झाला यावर डॉक्टरांचंच कधी एकमत झालं नाही.

या सगळ्यातून बरे होऊन घरी जाणारे होते, आणि घरी जाऊन पुन्हा पडणारेही. सॅनिटोरियम रोग मारत नव्हतं. माणसाचं शरीर रोगाशी लढतंय तोवर त्याला उसंत देत होतं. दुसरं एक काम मात्र त्याने निःसंशय केलं. सहा महिने तिथे काढलेला माणूस घरी परतला की डबीत थुंकायचा, वेगळा झोपायचा, खिडकी उघडी ठेवायचा आणि घरातल्यांना कारण सांगायचा. क्षयाबद्दल गावात बोलू धजणारा पहिला माणूस बहुधा असाच कुणी सॅनिटोरियममधून आलेला असे.

1946 मध्ये भोर समितीने देशाच्या आरोग्याचा हिशेब मांडला. क्षयाने दरवर्षी मरणारे सुमारे पाच लाख, आजारी सुमारे पंचवीस लाख, आणि देशभरातल्या क्षयाच्या खाटा सहा हजारांच्या आसपास. पाचगणीचा डोंगर आणि वानलेसवाडीचा माळ खाटांनी गच्च भरला असता तरी या आकड्यांपुढे काय होणार होतं?

तोवर औषध आलं होतं. 1943 मध्ये अमेरिकेत वॅक्समनच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झने मातीतल्या एका जीवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन काढलं. पाठोपाठ पॅस, आणि 1952 मध्ये स्वस्त, गोळीच्या रूपातलं आयसोनियाझिड. आपल्याकडे हा बदल एका गळ्यात ऐकू येतो. कुमार गंधर्व हे मिरजेत जन्मलेल्या प्रा. बा. र. देवधरांचे शिष्य. 1947 मध्ये लग्न झालं आणि क्षयाने गाठलं. कोरडी हवा मानवेल म्हणून 30 जानेवारी 1948 रोजी, गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, ते देवासला पोचले. चार-पाच वर्षं अंथरुणात, गाणं बंद. हवेने त्यांना जगवलं की नाही सांगता येणार नाही. उठवलं ते स्ट्रेप्टोमायसिनने. एक फुप्फुस कायमचं अधू झालं आणि 1953 मध्ये ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा लांब पल्ल्याच्या तानांच्या जागी तुटक, झेप घेणारे तुकडे आले. रसिक त्याला शैली म्हणतात, आणि ती आहेच. पण तिच्यात औषध उशिरा मिळाल्याची खूणही आहे. दोन युगांच्या सीमेवर सापडलेला हा माणूस: गेला तो हवा पालटायला आणि बरा झाला इंजेक्शनने.

सॅनिटोरियमच्या युगावर पडदा पाडला तो मद्रासने. 1956 मध्ये तिथे क्षयावरच्या औषधोपचारांचं संशोधन केंद्र निघालं आणि वॉलेस फॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक धाडसी प्रयोग लावला. गरीब वस्त्यांतल्या 193 रोग्यांपैकी निम्म्यांना सॅनिटोरियममध्ये ठेवलं, निम्म्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरातच. कुणाला कुठे टाकायचं ते चिठ्ठ्यांच्या पद्धतीने ठरवलेलं. औषधं दोघांना सारखीच, आयसोनियाझिड आणि पॅस, वर्षभर. सॅनिटोरियमवाल्यांना भरपूर अन्न, मोकळी हवा, पूर्ण विश्रांती. घरच्यांना जे होतं तेच, आणि कित्येकांना कामावरही जावं लागे. वर्षाअखेर सॅनिटोरियमचे 92 टक्के आणि घरचे 86 टक्के जंतुमुक्त. शिवाय घरी औषध घेणाऱ्यांकडून घरातल्यांना लागण जास्त झाली, असंही दिसलं नाही. 1959 मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि जगभरची सॅनिटोरियमं पुढच्या वीस वर्षांत ओस पडत गेली. त्या वेळी केंद्र सरकारचे क्षयरोग सल्लागार होते डॉ. पी. व्ही. बेंजामिन, मदनपल्लीच्या सॅनिटोरियममध्ये वर्षानुवर्षं काम केलेले. ज्या संस्थेत आयुष्य घालवलं तिची गरज नाही असं सांगणारा पुरावा त्यांनी अडवला नाही, उलट त्यावर राष्ट्रीय कार्यक्रम उभारायला मदत केली. याला मोठं मन लागतं.

त्याच सुमारास 1955 ते 58 च्या राष्ट्रीय पाहणीने आणखी एक समजूत मोडली. क्षय शहरात जास्त आणि खेड्याच्या शुद्ध हवेत कमी, असं सगळे धरून चालले होते. पाहणीत खेड्यांत तो जवळपास शहराइतकाच सापडला. मग बेंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेत बॅनर्जी आणि अँडरसन यांनी 1963 मध्ये दाखवलं की खेड्यातला खोकणारा माणूस अडाणी म्हणून घरी बसत नाही. निम्म्याहून जास्त लोक आपणहून सरकारी दवाखान्यात जातात आणि खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परत येतात. दोष रोग्याचा नव्हता, थुंकी न तपासणाऱ्याचा होता.

म्हणजे शिकवायचं होतं ते डॉक्टरांना. मिरजेत 1962 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालं ते मिशन हॉस्पिटलच्या आधाराने. शिकवायला लागणाऱ्या खाटा आणि अनुभवी हात तिथे तयार होते. 1897 च्या शाळेचा धागा असा पासष्ट वर्षांनी एम.बी.बी.एस.पर्यंत आला. वानलेसवाडीचं सॅनिटोरियम चेस्ट हॉस्पिटल झालं. बेल-एअरची कहाणी वेगळ्या वळणाने गेली. 1990 च्या दशकात एचआयव्ही आला आणि त्याच्या पाठीवर बसून क्षय परत आला. प्रतिकारशक्ती खचलेल्या शरीरात वर्षानुवर्षं झोपलेला जंतू उठतो. पुणे-बेंगळुरू रस्त्यावरच्या सांगली-साताऱ्याला हा तडाखा मोठा बसला. सांगलीत मीना शेषू यांनी 1992 मध्ये संग्राम ही संस्था सुरू केली आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाच आरोग्याच्या कार्यकर्त्या केलं. तिकडे पाचगणीला, बाकीच्या दवाखान्यांनी दारातून परत पाठवलेल्या एचआयव्हीच्या रोग्यांसाठी बेल-एअरच्या खाटा पुन्हा भरल्या. लोक ज्या रोगापासून लांब पळतात त्याच्या रोग्यांना घेणं हेच या वास्तूचं 1912 पासूनचं काम होतं, रोगाचं नाव तेवढं बदललं.

मग हवा, विश्रांती, आहार या तिन्हींचं खरं-खोटं काय ठरलं? विश्रांती गेली, तिच्याबद्दल आता कुणी बोलत नाही. हवेचं गणित मात्र मजेशीर निघालं. 1950 च्या दशकात बाल्टिमोरला रिचर्ड रायली यांनी क्षयाच्या वॉर्डातली हवा नळीने वर नेऊन गिनीपिगांच्या पिंजऱ्यात सोडली आणि गिनीपिगांना क्षय झाला. रोग हवेतून पसरतो याचा पक्का पुरावा तो. 2007 मध्ये पेरूतल्या लिमा शहरातल्या इस्पितळांची मोजणी प्रसिद्ध झाली. तेव्हा उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या खोल्यांत तासाला चाळीस वेळा हवा पालटते आणि नव्या बांधणीच्या खोल्यांत सतराच वेळा, असं आढळलं. बंद, यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्या तर आणखी मागे. म्हणजे सॅनिटोरियमच्या व्हरांड्यातली हवा रोग्याला बरं करत नव्हती, पण शेजारच्या खाटेवरच्याला आणि रात्रपाळीच्या नर्सला वाचवत होती. बांधणाऱ्यांना हे कारण माहीत नव्हतं. त्यांनी खिडक्या मात्र मोठ्या ठेवल्या.

आहाराला मद्रासच्या प्रयोगाने जवळजवळ निकालात काढलं होतं: औषध चालू असेल तर अंडी-दुधावाचूनही माणूस बरा होतो. ते आजही खरं आहे. पण तो प्रयोग बरं होण्याविषयी होता, आजारी न पडण्याविषयी नव्हता. 2023 मध्ये झारखंडमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. 2,800 रोग्यांच्या घरांतली 10,345 माणसं. काही घरांना सगळ्यांसाठी धान्य, बाकीच्यांत फक्त रोग्याला. जिथे सगळ्या घराला मिळालं तिथे नवा क्षय 39 टक्क्यांनी कमी, आणि खोकल्यातून पसरणारा 48 टक्क्यांनी कमी. देशातल्या क्षयरोग्याला 2018 पासून पोषणासाठी महिना 500 रुपये खात्यात मिळत होते, नोव्हेंबर 2024 पासून ते 1,000 झाले. ते रोग्याच्या नावे येतात. झारखंडमध्ये रोग थोपवला तो घरातल्या बाकीच्या माणसांच्या ताटाने, आणि त्यांच्या वाट्याला महिन्याला माणशी येत होते पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ.